चामड्याचा सूट आणि आक्कांचा नियम

मोटारसायकलींच्या ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या बंद रस्त्यावर आपली गाडी पळवायच्या दिवसाला, नाव नोंदवलं आणि संयोजकांचा मेसेज आला. गाडीचे आरसे काढा, दिव्यांवर चिकटपट्टी लावा, अंगावर दागिना नको, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत: चामड्याचा सूट, चामड्याचे हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट असल्याशिवाय कुणालाही ट्रॅकवर सोडलं जाणार नाही. मी फोन करून विचारलं, जाड कापडाचं जाकीट चालेल का, त्यातही कोपर-गुडघ्याला पॅड असतात. पलीकडचा माणूस अदबीनं म्हणाला, "न्हाई मॅडम, कापड फाटतंय. लेदरच पायजे." बाकी सगळं जमण्यासारखं होतं. घोडं अडलं ते चामड्यापाशी.

आमचं घर जैनांचं. जैन असून पायात कातडी चपला घालणारे कितीतरी लोक आमच्याकडे आहेत. माझ्या माहेरी, गडहिंग्लजला, वडिलांच्या चपला लांबूनच करकर वाजायच्या, आणि तरी ते नेमानं बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला जायचे. चपला बाहेर, माणूस आत. पण सासरचं गणित वेगळं. आमच्या आक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मी या घरात यायच्या आधीच एका महाराजांच्या चातुर्मासात नियम घेतला होता की आपल्या घरातलं कुणी चामडं वापरणार नाही. पट्टा नाही, पाकीट नाही, घड्याळाचा पट्टासुद्धा नाही. लग्नात माझ्या नवऱ्याच्या पायात रेक्झिनचे बूट होते आणि ते फोटो अजून बघवत नाहीत. ज्या गावाच्या चपला माणसं परदेशात मिरवतात, त्या कोल्हापुरात मी इतकी वर्षं रबरी चपला फटफटवत फिरते आहे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. घरोघरी काहीतरी असतंच.

आक्कांना सोडायची सवयच आहे. कांदा, लसूण, बटाटा कधीचेच सुटले. मध सुटला. चतुर्दशीला पालेभाजी नाही, सूर्य मावळल्यावर अन्न नाही. दर चातुर्मासात आणखी एखादी वस्तू कमी होते. कुणी घरात सामान भरतं, आक्का रिकामं करत जातात. जिभेच्या लाडाचं म्हणून एकच उरलं होतं, ते म्हणजे चहा. सकाळी एकदा आणि दुपारी झोप झाल्यावर एकदा, खळखळून उकळलेला, आलं चालत नाही म्हणून सुंठ घातलेला. तो बशीत ओतून पिताना आक्का डोळे मिटून घ्यायच्या. तेवढ्या वेळात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हाही घरातला एक नियमच होता.

आता माझं सांगते. मंगळवार पेठेत माझं औषधाचं दुकान आहे. मी पंचेचाळिशी ओलांडलेली, चष्मा लावणारी, फारशी उत्साही नसलेली बाई आहे. मोटारसायकल नवऱ्यानं हौसेनं घेतली, त्याची कंबर धरली आणि गाडी जिन्याखाली धूळ खात पडली. एकदा गडहिंग्लजला जायचं होतं आणि एस.टी. काही केल्या येईना. मी घरी परत आले, गाडी काढली आणि गेले. शिकले होते कॉलेजात असतानाच, भावाच्या गाडीवर. त्यानंतर माहेरी गाडीवरच जाऊ लागले. वाटेत चहाच्या टपऱ्यांवर माणसं एकमेकांना कोपरानं ढोसून म्हणायची, "आरं, बाई हाय की!" मी हेल्मेटच्या आतून बघायची. त्यांचं काही चुकत नव्हतं, बाईच होते.

ट्रॅकवर का जायचं होतं, ते मला लगेच सांगता आलं नसतं. कुणी विचारलंही नाही. नवरा म्हणाला, "पडशील बिडशील," आणि पेपर वाचायला लागला. पण खरं कारण साधं होतं. आमच्या रस्त्यांवर गाडी चालवायची म्हणजे सतत कुणाच्या तरी चुकीची वाट बघायची. उसाची ट्रॉली, म्हशी, वळणावर थांबून फोनवर बोलणारा पाव्हणा. एकदा तरी मला रस्त्याकडं फक्त रस्ता म्हणून बघायचं होतं. समोरून कुणी येणार नाही, मधे कुणी येणार नाही, मग मी आणि गाडी मिळून काय करू शकतो, एवढंच बघायचं होतं. ट्रॅक घरापासून लांबसुद्धा नव्हता. तिथं न जाता म्हातारी झाले असते, तर ते मला लागलं असतं.

तयारीला सुरुवात गाडीपासून केली. उद्यमनगरातल्या मिस्त्रीकडे गाडी नेली. तो गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "वैनी, झालंय काय हिला? धडधाकट हाय की." मी एकेक काम सांगत गेले. ब्रेकचं ऑइल बदल, ब्रेक पॅड नवे टाक, चेन ताण, रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भर, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं तर मागचा घसरतो. आरसे काढताना त्याचा हात थांबला. "आरसं काढल्यावर मागनं कोन आलं, कसं कळायचं?"

"बघायचंच नाही. मागच्यानं आपलं बघून घ्यायचं."

"मग आपल्या गावात रोजच ट्रॅक डे हाय की वो."

त्यानं आरसे कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकले, दिव्यांवर निळी चिकटपट्टी मारली आणि झाल्यावर मागं सरकून बघत म्हणाला, "आंधळी केलासा बगा गाडी." पण काम चोख केलं होतं.

गाडीपेक्षा अंगाची तयारी अवघड होती. गाडीवर पुढं झुकून मांड्यांनी टाकी धरायची, हातावर भार द्यायचा नाही, असं सगळे सांगत होते. सांगणाऱ्यांचं वय माझ्या निम्मं. मी गच्चीवर बैठका मारायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात दुकानाची पायरी चढताना तोंडातून आवाज यायचा. शेजारच्या गच्चीवरून एक म्हातारे पैलवान रोज बघायचे. एक दिवस त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "टाचा उचलू नगा, सूनबाई. घाई कशापाय? दम खावा." मी टाचा टेकवल्या. त्यांनी कशासाठी ते विचारलं नाही. आमच्याकडे बैठकांना कारण लागत नाही.

राहिला सूट. संयोजकांकडं भाड्यानं मिळत होते ते सगळे पुरुषांच्या मापाचे. पेठ वडगावचा एक ओळखीचा रायडर होता. त्याच्या बायकोनं हौसेनं सूट शिवून घेतला होता, दोनदा घातला आणि नको म्हणून ठेवून दिला. तो एका दुपारी मोठी पिशवी घेऊन दुकानावर आला. मी मुद्दामच दुकानावर बोलावलं होतं. दुकान म्हणजे घर नव्हे, असा मी मनाशी निकाल लावला होता.

शटर अर्धं ओढून मागच्या खोलीत, सलाईनच्या खोक्यांमध्ये उभी राहून मी तो सूट चढवला. चढवला म्हणजे झटापटच. चामडं जड असतं हे ऐकून होते, पण ते असं अंगाला धरून ठेवतं हे ठाऊक नव्हतं. वास उग्र होता, पण वाईट नव्हता. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. अंगावर काटा येईल, निदान अपराधी तरी वाटेल. तसं काहीच झालं नाही. माप बरोबर बसलं एवढंच वाटलं. मग हेल्मेट घालून वाकता येतं का ते बघत होते, तेवढ्यात काउंटरवर कुणीतरी नाणं आपटलं.

वाट बघायला लावणं बरं नव्हे म्हणून मी तशीच बाहेर आले. समोर आमच्याच बस्तीतले एक गृहस्थ. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाले, "पावणं, मॅडम न्हाईत काय?"

मी हेल्मेटची काच वर केली. "काय पाहिजे, काका?"

त्यांना खोकल्याचं औषध पाहिजे होतं. मी दिलं. त्यांनी ते घेतलं, माझ्या बाहीला बोट लावून बघितलं, आणि पायरी उतरून गेले. मंगळवार पेठेत बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. ही बातमी तर दुसऱ्या दिवशी सकाळी बस्तीत आक्कांच्या पुढ्यात जाऊन बसणार होती. ती माझ्या आधी पोचू द्यायची नाही, एवढं मी ठरवलं. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "आक्काला तूच सांग. तुझं ऐकती ती." असं त्यानं आजवर फक्त अवघड प्रसंगीच म्हटलं आहे.

सूट दुकानातच कुलपात ठेवला आणि संध्याकाळच्या जेवणाआधी घरी गेले. आक्का पावटे सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले, चार शेंगा हातात घेतल्या आणि सगळं सांगितलं. ट्रॅक म्हणजे काय, तिथं काय करतात, मला का जायचं आहे, आणि काय घालावं लागतं. आक्कांना माझं गाडी चालवणं नवं नव्हतं. दागिने काढावे लागतील म्हटल्यावर मला वाटलं मंगळसूत्रावरून बोलतील, तर म्हणाल्या, "काढ की. डबीत ठेव. मळणीला आमी काढूनच ठेवत हुतो." चामड्यापाशी मात्र हात थांबले.

"कशाचं हाय?"

"गाईचं."

"घालायलाच लागतंय?"

"हो. पडलं तर रस्त्यानं अंग सोलून निघतं, आक्का."

"मग पडू नगंस."

पावटे सोलून झाले, आम्ही जेवलो, दिवस मावळला. आमच्या भांडणांत आवाज कधीच नसतो. कोल्हापुरात राहून असं भांडता येतं यावर माहेरचे विश्वास ठेवत नाहीत. पण त्या संध्याकाळी मला धाकधूक होती. आक्का "जाऊ नगंस" म्हणाल्या असत्या तर मी गेलेच असते, आणि मग त्या घरात आम्ही दोघी पूर्वीसारख्या राहिलो नसतो. मला ट्रॅकही हवा होता आणि आक्काही हव्या होत्या. दोन्ही मिळतील असं दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आक्का बस्तीतून आल्या. मी नेहमीसारखा चहा गाळला, बशीसकट पुढं ठेवला. त्यांनी तो हातानं बाजूला सारला.

"नगं. नियम घेटला मी आज. चहा सोडला."

"किती दिवस?"

"जन्माचा."

आक्का पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "तू चामडं घालनार. कुनीतरी फेडाय पायजे की नगं? तुला सोडायची सवं न्हाई. मला हाय."

मला राग आला. चिडून ओरडण्यापेक्षा शास्त्र काढलं. म्हटलं, "आक्का, आपल्यात एकाचं कर्म दुसऱ्याला फेडता येत नाही. महाराज दरवर्षी सांगतात. ज्याचं त्यानंच भोगायचं. मग तुम्ही चहा सोडून माझ्या खात्यात काय पडणार?"

"ते म्हाराजास्नी म्हाईत," आक्का म्हणाल्या. "मी सासू हाय."

"आणि सोडायचाच होता तर वर्षभर सोडायचा. जन्माचा कशाला?"

त्यांनी बशी आणखी लांब सारली. मी म्हटलं, "मग मी जातच नाही. नाव काढून टाकते." तेव्हा मात्र त्या पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघून बोलल्या.

"काडू नगंस. नियम घेटला त्यो घेटला, आता मोडाय येत न्हाई. तू न्हाई गेलीस तर माजा चहा फुकट गेला की गं."

म्हणजे आता न जाण्याचीही सोय उरली नाही. इकडं आड, तिकडं विहीर. बाजूला ठेवलेला चहा गार झाला, साय धरली, आणि मी तो मोरीत ओतला.

पुढचे चार-पाच दिवस वाईट गेले. चहा एकदम सुटला की डोकं दुखतं, हे मी काउंटरवर लोकांना नेहमी सांगते. घरात बघायची वेळ पहिल्यांदाच आली. आक्का कपाळाला फडकं करकचून बांधून पडून राहायच्या. गोळी देऊ केली तर म्हणायच्या, "सोडल्यालं असंच जातंय, त्याला गोळी कशाला?" आम्ही नवरा-बायको चहा प्यायला दुकानावर जाऊ लागलो, तर त्यावरून बोलणी खाल्ली. "माज्यापुढं प्यालासा म्हनून मला काय हुत न्हाई. ह्यो काय उपास हाय?" मी त्यांच्यापुढं चहा घेऊन बसले. तो मला गेला नाही. गच्चीवर बैठका मारताना खालून त्यांचं कण्हणं ऐकू यायचं आणि मी टाचा टेकवून खाली-वर होत राहायची. मनात येत होतं, ही माया आहे की माझा हात पिरगाळणं आहे? दोन्ही असावं. आक्कांनी ते वेगळं करून दिलं नाही आणि मलाही करता आलं नाही.

ट्रॅक डेच्या सकाळी गाडी टेम्पोत चढवली. आरसे नाहीत, दिवे झाकलेले, अशी गाडी रस्त्यानं चालवत न्यायची नाही. आक्कांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. टेम्पो निघताना त्या दारात आल्या नाहीत. नवरा दुकानापाशी थांबून सूटची पिशवी घेऊन आला आणि टेम्पोत माझ्या पायाशी ठेवली. वाटेत आम्ही उसाच्या भावाबद्दल बोललो.

तिथं बहुतेक सगळी पोरं होती, आणि त्यांनी मला आधी कुणाची तरी आई समजून खुर्ची दिली. मी सूट घालून आले तेव्हा खुर्ची काढून घेतली. शिकवणारे म्हणाले, "नजर लांब ठेवा. बघाल तिकडं गाडी जाणार." पहिल्या फेऱ्या मी इतक्या जपून मारल्या की शेवटी मलाच लाज वाटली. समोर मोकळा रस्ता, ट्रॉली नाही, म्हैस नाही, कुणी नाही. आणि मी मात्र प्रत्येक वळणावर आक्कांचा चहा घेऊन जात होते. हे वळण चहाच्या लायकीचं झालं नाही. हेही नाही. एका माणसाच्या आयुष्यभराच्या सुखाएवढं चांगलं वळण कसं असतं, हे मला कुठं ठाऊक होतं! दुपारी दशमी खाताना नवऱ्यानं विचारलं, "परत जाऊया काय?" मी नको म्हटलं.

उन्हं कलल्यावरच्या फेऱ्यांत ते झालं. लांबलचक उजवं वळण होतं. मी ब्रेक सोडला, नजर पार वळणाच्या शेवटाला नेली आणि गाडी आपणहून वाकली, आणखी वाकली, आणि तिथंच स्थिर राहिली. डांबर गुडघ्याखालून वाहत गेलं. त्या वेळी माझ्या मनात कुणी नव्हतं. नवरा नाही, दुकान नाही, आक्का नाहीत, चहासुद्धा नाही. वळण संपलं आणि हेल्मेटच्या आत मी मोठ्यानं हसत होते. मला इतका आनंद झाला, की तो झाला हे लिहितानाही संकोच वाटतो. पुढच्या फेरीत ते पुन्हा जमलं, त्याच्या पुढच्या फेरीत जमलं नाही, मग फेऱ्या संपल्याचा झेंडा दाखवला.

सूट तिथंच, गाडी घेऊन आलेल्या वडगावच्या रायडरला परत दिला, आणि घरी पोचलो तेव्हा दिवस अजून मावळला नव्हता. आक्का जेवायच्या थांबल्या होत्या. मी हात-पाय धुऊन ताटावर बसले. त्यांनी भाकरी वाढली.

"पडलीस?"

"नाही."

त्यांनी ताटात आमटी वाढली. मग त्यांनी विचारलं, "चांगलं वाटलं?"

"हो."

"चहापरास?"

वाटेत मी पुष्कळ ठरवलं होतं. ठीक होतं म्हणायचं, एकदा झालं आता पुरे म्हणायचं, म्हणजे त्यांचं दुखणं कमी होईल. पण त्यांनी इतकं सरळ विचारलं होतं, की खोटं बोलणं म्हणजे त्यांचा तो नियम मोरीत ओतण्यासारखं झालं असतं. मी म्हटलं, "हो, आक्का. चहापेक्षा चांगलं."

त्यांनी मान हलवली. जिनसेचा भाव पटल्यावर हलवतात तशी.

"मग परत जा."

मला वाटलं रागानं म्हणाल्या. तेव्हा त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि म्हणाल्या, "बघतीस काय? एका दिसासाठी जन्माचा नियम घेत्यात व्हय? तुला जवा जवा जायाचं असंल तवा जा. त्येच्यासाटीच जन्माचा घेटला."

मला जेवता येईना. आक्का म्हणाल्या, "जेव, दिस बुडाय लागलाय."